नाटकवेडे वकील

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुडा डोंगराच्या पायथ्याशी, जळगाव नावाचे एक गाव आहे. खानदेशातील जळगाव वेगळे आणि हे वेगळे. दोहोंमध्ये घोटाळा होऊ नये म्हणून या गावाला जळगाव-जामोद असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गावात एक वकील राहत होते. ते कचेरीत जात, अर्ज लिहीत, पक्षकारांची बाजू मांडत आणि साक्षीदारांना प्रश्न विचारत. पण कचेरीच्या कामातून मोकळे झाले, की त्यांच्या मनात वेगळेच सूर घुमू लागत. ते सूर नाटकातल्या गाण्यांचे असत. या वकिलांनी लिहिलेली नाटके पाहण्यासाठी पुण्या-मुंबईचे लोक गर्दी करत होते.

या वकिलांचे नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जळगाव-जामोद आणि खामगाव या गावांशी त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ जोडलेला आहे.

श्रीपाद कृष्णांचा जन्म २९ जून १८७१ रोजी झाला. त्यांचे शालेय शिक्षण अकोल्याला झाले. शाळेत असल्यापासूनच त्यांना वाचनाची, संगीताची आणि नाटकाची ओढ होती. नाटकाचे हे वेड त्यांना आयुष्यभर पुरले.

त्या काळी नाटक पाहणे म्हणजे काय होते, हे आज समजणे थोडे कठीण आहे. तेव्हा रेडिओ नव्हता, चित्रपट नव्हता आणि ध्वनिमुद्रिकाही नव्हत्या. चांगले गाणे ऐकायचे तर गाणाऱ्याच्या समोर जाऊनच बसावे लागे. नाटक कंपन्या गावोगाव फिरत असत. कपड्यांच्या पेट्या, रंगवलेले पडदे आणि तबला-पेटी घेऊन त्या आगगाडीने एका शहरातून दुसऱ्या शहरात जात. कंपनी गावात आली, की मंडप उभा राही. रात्री दिव्यांच्या उजेडात नाटक सुरू होई आणि ते संपता संपता कधी कधी पहाट होई. नाटकात स्त्रियांची कामेही पुरुषच करत. एखादे गाणे आवडले, तर प्रेक्षक 'वन्समोअर' असे ओरडत आणि नटाला तेच गाणे पुन्हा म्हणावे लागे.

मात्र नाटकाचा नाद हा चांगला नाद आहे, असे पुष्कळ घरांतील वडीलधाऱ्यांना वाटत नसे. नाटकामुळे मुले अभ्यास विसरतात, अशी त्यांची तक्रार असे. नटांनाही समाजात फारसा मान नव्हता. अशा काळात एका हुशार विद्यार्थ्याला नाटकाचे वेड लागले होते.

मराठी नाटकाची सुरुवात विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे केली, असे मानले जाते. पुढे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी मराठी संगीत नाटकाला नवे रूप दिले. त्यामागची हकीकत उर्दू शिकणाऱ्या मुलांना विशेष आवडेल. लखनौचे शायर आगा हसन अमानत यांनी 'इंद्रसभा' नावाचे गीतांनी भरलेले नाटक लिहिले होते. राजा इंदर, सब्ज परी आणि शहजादा गुलफाम यांची ती कथा हिंदुस्थानभर गाजली. पारशी नाटक कंपन्या हे नाटक ठिकठिकाणी करत. पुण्यात अण्णासाहेबांनी ते पाहिले. असे संगीत नाटक मराठीत का असू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी कालिदासाच्या 'शाकुंतल' नाटकाचे मराठी संगीत रूप तयार केले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. त्या वेळी श्रीपाद नऊ वर्षांचा होता. म्हणजे मराठी संगीत नाटक आणि कोल्हटकर हे जणू एकाच काळात लहानाचे मोठे झाले.

पुढे कोल्हटकर उच्च शिक्षणासाठी पुण्याला गेले. तेथे डेक्कन कॉलेजात शिकून ते १८९१ साली बी. ए. झाले. पुणे हे नाटकांचे माहेरघर होते. किर्लोस्कर मंडळी ही तेव्हाची सर्वांत नावाजलेली नाटक कंपनी होती. भाऊराव कोल्हटकर हे तिचे गायक नट होते. त्यांच्या गोड आणि चढ्या आवाजाने सारे नाट्यगृह भारून जाई. अण्णासाहेबांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल हेही त्या काळी नाटके लिहीत होते आणि नटांना अभिनय शिकवत होते.

नाटकाच्या सरावाला मराठीत 'तालीम' म्हणतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. कोल्हटकरांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकच झाले. नाटके पाहता पाहताच त्यांचे नाटकाचे शिक्षण होत गेले. कोणता प्रसंग रंगतो, कोठे प्रेक्षक कंटाळतात, कोणते गाणे मनात राहते, या गोष्टी चांगला प्रेक्षक पाहूनच शिकतो. कोल्हटकर तसे प्रेक्षक होते. म्हणूनच त्यांच्या लेखनाची सुरुवात नाटकाने झाली नाही, तर नाटकाच्या परीक्षणाने झाली. 'विविधज्ञानविस्तार' या मासिकात त्यांनी 'विक्रमशशिकला' या नाटकावर टीकालेख लिहिला. नाटकातील गुणदोष त्यांनी स्पष्टपणे दाखवले. आधी पाहणारा, मग पारखणारा आणि त्यानंतर लिहिणारा, असा त्यांचा प्रवास झाला.

दुसऱ्याच्या नाटकात दोष दाखवणे सोपे असते. स्वतः नाटक लिहिणे अवघड असते. कोल्हटकरांनी ते अवघड काम अंगावर घेतले. 'वीरतनय' हे त्यांचे पहिले नाटक १८९६ साली प्रसिद्ध झाले. किर्लोस्कर मंडळीने ते रंगभूमीवर आणले. प्रेक्षक या नाटकावर खूश झाले, ते विशेषतः त्यातील गाण्यांमुळे.

या गाण्यांत नवे काय होते? त्यापूर्वीच्या मराठी नाटकांतील पदे बहुधा साकी, दिंडी यांसारख्या वृत्तांत किंवा कीर्तन आणि लावणीच्या वळणावर असत. प्रेक्षकांच्या कानांना त्या चालींची सवय झाली होती. कोल्हटकरांना मात्र पारशी कंपन्यांच्या उर्दू आणि गुजराती नाटकांतील चालींनी मोहून टाकले होते. त्या चाली चपळ, ठसकेबाज आणि कानांत चटकन बसणाऱ्या होत्या. कोल्हटकरांनी त्या उचलल्या आणि त्यांवर मराठी शब्द बसवले.

हे काम ऐकायला सोपे वाटते, पण ते तसे नाही. सामान्यपणे कवी आधी कविता लिहितो आणि नंतर तिला चाल लावली जाते. येथे चाल आधीच ठरलेली असे. चालीत जेथे सूर लांबतो, तेथे दीर्घ अक्षर हवे. जेथे ठेका पडतो, तेथे शब्दही तुटायला हवा. शिवाय गाण्याचा अर्थ नाटकातील प्रसंगाला जुळायला हवा. शिंपी अंगाच्या मापाने कपडा शिवतो, तसे कोल्हटकर चालीच्या मापाने शब्द बेतत.

काही लोकांना हे आवडले नाही. परक्या नाटकांतील चाली मराठीत कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. या चालींमुळे गाण्यातील गांभीर्य जाते, अशीही टीका झाली. कोल्हटकरांनी मात्र आपला मार्ग सोडला नाही. चांगली चाल कोणत्याही भाषेतून आली, तरी ती चांगलीच असते, हे त्यांनी आपल्या कामातून दाखवून दिले. लखनौच्या शायराचे नाटक पाहून अण्णासाहेबांना स्फूर्ती मिळाली आणि उर्दू रंगभूमीच्या चालींवर कोल्हटकरांनी पदे रचली. मराठी संगीत नाटकाच्या घडणीत उर्दूचा असा वाटा आहे.

१८९७ साली कोल्हटकर एल्एल. बी. झाले आणि त्यांनी अकोल्यात वकिली सुरू केली. १९०१ पासून ते जळगाव-जामोदला राहू लागले. येथे त्यांच्यापुढे एक अडचण उभी होती. नाटक कंपन्यांची मोठी ठिकाणे पुणे आणि मुंबई. कोल्हटकर मात्र वऱ्हाडातील एका लहान गावात. नाट्यगृह नाही, रोजच्या तालमी नाहीत आणि नटांचा सहवासही नाही. जवळची आगगाडी गाठायची, तरी नांदुऱ्यापर्यंत जावे लागे. वकिली सोडून कंपनीबरोबर फिरावे, तर संसार कसा चालणार? नाटकाचा नाद सोडून द्यावा, तर मन कसे रमणार?

कोल्हटकरांनी दोन्ही गोष्टी सांभाळल्या. पोटासाठी वकिली केली आणि मनासाठी नाटक लिहिले. 'मूकनायक' (१९०१), 'गुप्तमंजूष' (१९०३), 'मतिविकार' (१९०७) अशी त्यांची नाटके एकामागून एक आली. सर्व मिळून त्यांनी बारा नाटके लिहिली. पुढे बालगंधर्व या नावाने महाराष्ट्राचे लाडके झालेले नारायणराव राजहंस हे किर्लोस्कर मंडळीत असताना 'मूकनायक' आणि 'गुप्तमंजूष' या नाटकांत स्त्रीभूमिका करत असत.

या नाटकांतून केवळ करमणूक व्हावी, असे कोल्हटकरांना वाटत नव्हते. 'मूकनायक' नाटकात त्यांनी दारूचे दुष्परिणाम दाखवले. 'गुप्तमंजूष' नाटकात स्त्रियांच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. 'मतिविकार' नाटकात विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न मांडला. त्या काळी हे विषय नाजूक होते. सभेतील भाषण ऐकून रागावणारे लोकही नाटकातील गाणे ऐकताना शांत बसत. त्या गाण्याबरोबर विचारही त्यांच्या घरी जाई.

वकिलीचाही त्यांना लेखनासाठी उपयोग झाला. कचेरीत त्यांना नाना तऱ्हेची माणसे भेटत. खोटी साक्ष देणारी, बढाया मारणारी, साध्या प्रश्नाला लांबलचक उत्तर देणारी. १९०२ साली त्यांनी 'साक्षीदार' नावाचा विनोदी लेख लिहिला. 'साक्षीदार' हा शब्दही मोठा गमतीचा आहे. त्यातील 'साक्षी' संस्कृतमधून आला आणि 'दार' फारसीतून. दोन भाषांतून आलेले हे शब्द मराठीत एकत्र सुखाने नांदत आहेत.

या लेखानंतर कोल्हटकरांनी असे अनेक लेख लिहिले. 'सुदाम्याचे पोहे' या पुस्तकात ते एकत्र आले. सुदामा हा श्रीकृष्णाचा गरीब मित्र. तो मित्राच्या भेटीला जाताना मूठभर पोहे घेऊन गेला होता, अशी कथा आहे. आपलीही भेट तशीच साधी आहे, असे लेखकाने या नावातून सुचवले. या लेखांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही पात्रे धमाल उडवतात. वाचक हसतो, पण हसता हसता आपल्याच अंधश्रद्धा आणि खोट्या रूढी त्याच्या लक्षात येतात. या पुस्तकामुळे कोल्हटकरांना मराठी विनोदाचे जनक मानले जाते.

कोल्हटकरांचे शिष्यही मोठे झाले. राम गणेश गडकरी हे त्यांतील सर्वांत नावाजलेले. ते कोल्हटकरांपेक्षा चौदा वर्षांनी लहान होते. किर्लोस्कर मंडळीत काम करताना त्यांचा कोल्हटकरांशी संबंध आला आणि त्यांनी कोल्हटकरांना गुरू मानले. गुरूने 'मूकनायक' नाटकात दारूचा विषय हाताळला होता. शिष्याने तोच विषय 'एकच प्याला' नाटकात घेतला आणि साऱ्या महाराष्ट्राला रडवले. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारले. गुरू मागे राहिला आणि शिष्य आधी गेला. वि. स. खांडेकर हेही कोल्हटकरांना गुरुस्थानी मानत. त्यांना पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

काळ बदलतो, तशी प्रेक्षकांची आवडही बदलते. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'मानापमान' नाटक रंगभूमीवर आले. त्यातील पदांना गोविंदराव टेंबे यांनी रागदारीच्या चाली दिल्या होत्या. त्यानंतर पाच वर्षांनी आलेल्या 'स्वयंवर' नाटकाला भास्करबुवा बखले यांचे संगीत लाभले. बखलेबुवांनी उस्ताद नत्थनखाँ यांच्यासारख्या थोर गवयांकडून विद्या मिळवली होती. प्रेक्षकांना आता नाटकात मैफलीचे गाणे आवडू लागले. कोल्हटकरांच्या चपळ चाली मागे पडल्या.

गाण्यांखेरीज दुसरेही एक कारण होते. कोल्हटकरांना शब्दांवर कोट्या करण्याची फार हौस होती. त्यांची पात्रे एकमेकांशी बोलताना सतत चमकदार वाक्ये बोलतात. कथानकात वेषांतरे, गुपिते आणि योगायोग फार असतात. वाचताना हे गमतीचे वाटते, पण प्रत्यक्ष रंगभूमीवर त्याचा भार होतो. त्यामुळे त्यांच्या पहिल्या नाटकांइतकी लोकप्रियता पुढच्या नाटकांना मिळाली नाही. ज्याने आयुष्यभर नाटकावर प्रेम केले, त्याच्याच नाटकांकडे प्रेक्षक हळूहळू पाठ फिरवू लागले. कोणत्याही लेखकाला हे दुःख सोसणे कठीण असते. पण कोल्हटकरांनी लेखणी खाली ठेवली नाही. ते नाटके लिहीत राहिले, इतरांच्या नाटकांची परीक्षणे करत राहिले आणि नव्या लेखकांचे कौतुकही करत राहिले.

त्यांची बुद्धी अनेक विषयांत चालत असे. गणित आणि खगोल हे त्यांचे आवडते विषय होते. 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यांनी कादंबऱ्या आणि कविताही लिहिल्या. महाराष्ट्राची थोरवी सांगणारे त्यांचे महाराष्ट्रगीत आजही शाळाशाळांतून गायिले जाते. त्यांची नाटके न पाहिलेल्या कितीतरी मुलांना हे गीत पाठ असते. १९२७ साली पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वऱ्हाडातील एका लहान गावात राहून लिहिणाऱ्या माणसाला मिळालेला हा मोठाच मान होता.

१ जून १९३४ रोजी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचे निधन झाले. त्यांनी आपले आत्मवृत्तही लिहून ठेवले आहे.

आज कोल्हटकरांच्या नाटकांचे प्रयोग क्वचितच होतात. मग त्यांच्या नाटकवेडाचे फळ काय? त्यांनी मराठी गाण्याला नव्या चालींची वाट दाखवली. गडकऱ्यांसारख्या लेखकाला प्रेरणा दिली. मराठी माणसाला स्वतःवर हसायला शिकवले. या साऱ्याची सुरुवात एका मुलाच्या आवडीतून झाली. नाटकाचा मंडप, दिव्यांचा उजेड आणि कानांवर पडणारे सूर यांची त्याला लहानपणी गोडी लागली आणि ती गोडी त्याने अभ्यासाला, व्यवसायाला आणि समाजाच्या कामाला जोडली. जळगाव-जामोदच्या वकिलांनी आपली आवड अशी सार्थ केली.

शब्दार्थ

पक्षकार – कोर्टात दावा लढवणारी व्यक्ती
नाद – छंद, वेड
पद – नाटकातील गाणे
परीक्षण – गुणदोष पाहणे
ठेका – तालातील आघात
पुरस्कार करणे – पाठिंबा देणे (येथे हा अर्थ)
रूढी – जुनी चालत आलेली पद्धत
कोटी – शब्दाच्या दोन अर्थांवर केलेला विनोद
आत्मवृत्त – स्वतः लिहिलेले स्वतःचे चरित्र

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जळगाव-जामोद हे गाव कोणत्या जिल्ह्यात आहे?
(आ) 'इंद्रसभा' हे नाटक कोणी लिहिले?
(इ) कोल्हटकरांचे पहिले नाटक कोणते?
(ई) कोल्हटकर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष केव्हा झाले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोल्हटकरांच्या काळी नाटक कसे पाहिले जाई?
(आ) चालीवर शब्द बसवणे अवघड का असते?
(इ) कोल्हटकरांच्या नाटकांची लोकप्रियता कोणत्या कारणांनी कमी झाली?

३. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
मोहून टाकणे, अंगावर घेणे, पाठ फिरवणे

४. 'तालीम' या शब्दाचा मराठीतील आणि उर्दूतील अर्थ पाठात दिला आहे. दोन्ही भाषांत आढळणारे आणखी पाच शब्द शोधा. त्यांचे अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते लिहा.

५. तुम्हांला कोणत्या गोष्टीची आवड आहे? ती तुम्ही कशी जोपासाल, याविषयी आठ-दहा वाक्ये लिहा.